मार्शविंटचं खोगीर

झूल शिवून झाली तेव्हा गेझीनाच्या लक्षात आलं, की हे काम आपण फार मन लावून केलं. तिला स्वतःचाच राग आला. टाके जरा वेडेवाकडे घातले असते तर निदान थोडं समाधान मिळालं असतं. पण हाताला सवय चांगल्या कामाची. हात कुणाची बाजू घेत नाहीत.

गडद हिरव्या लोकरीची झूल, कडेनं सोनेरी गोट. डाव्या अंगाला, म्हणजे स्वार चढतो त्या बाजूला, मोठ्या अक्षरांत 'मार्शविंट'. त्याखाली बाप मायगोल्ड, आजा मागिस्टर. त्याखाली हागेन, नॉयम्युन्स्टर, ओरहुस, जिथं जिथं या घोड्यानं ड्रेसाजच्या, म्हणजे तालात चालण्याच्या, स्पर्धांत बाजी मारली ती गावं. आणि तळाला 'ल्युबसेन पागा'. मजकूर तिच्या भावानं, ओनोनं, सांगितला होता.

"आणि आई?" तिनं तेव्हा विचारलं होतं. "लेर्खंचं नाव कुठं घालू?"

"जागा कुठाय?" ओनो म्हणाला होता. "झुलीवर आईचं नाव कोण वाचतं?"

खरंच आहे म्हणा. आमच्या मार्शात, समुद्राकाठच्या या सखल मुलखात, माणसाला कुणी खानदान विचारत नाही, घोड्याला विचारतात, आणि विचारतात ते बापाचं. शिंगराला नाव ठेवतानासुद्धा बापाचं पहिलं अक्षर घ्यायचं. म म्हणजे मायगोल्डचा. आईला तिच्या बापाचं अक्षर, आजीला तिच्या बापाचं, त्यामुळे आई-मुलींची नावं कधी जुळायचीच नाहीत. ल्युबसेनांच्या घरातल्या बायकांनी यातून एक पळवाट काढली. अक्षर कुठलंही येवो, घोडीचं नाव पक्ष्याचं ठेवायचं. द्रोसेल म्हणजे कस्तुर, तिची मुलगी आम्सेल म्हणजे काळा कस्तुर, तिची लेर्खं म्हणजे चंडोल. पुरुषांना यातलं काही कळलं नाही. त्यांना वाटलं, बायकांना पाखरांचं कौतुक असतं.

लेर्खंचा मुलगा मार्शविंट. मुलगा झाला, मग पक्ष्याचं नाव कशाला हवं.

ओनो झूल न्यायला आला तो मागच्या दारानं. अठ्ठ्याहत्तरीचा, पण पाठ अजून सरळ. त्यानं झूल उलगडली, उजेडात धरली, गोटावरून अंगठा फिरवला.

"झकास," तो म्हणाला. "तुझ्यासारखं काम आता कुणी करत नाही."

"इमकेला सांगितलंस?"

"तिथंच कळेल."

"तिथं म्हणजे? रिंगणात? अरे, मुलगी आहे तुझी!"

"आधी सांगितलं तर तमाशा करेल. सगळ्यांच्या समोर नाही करणार. तिला मी चांगलं ओळखतो." ओनोनं झूल घडी करून काखेत घेतली. "आणि हा मान आहे गेझीना. उगाच तोंड पाडू नकोस. किती घोड्यांना असा निरोप मिळतो?"

हा निरोप म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मोठ्या घोड्याची कारकीर्द संपवायची तर भरल्या रिंगणात, सगळ्यांच्या देखत, स्वारानं खाली उतरायचं. स्वतःच्या हातानं पोटाखालचा तंग सोडायचा, खोगीर उचलून घ्यायचं. मग घोड्याच्या पाठीवर झूल पडते आणि लोक उभे राहतात. दुसऱ्या कुणी खोगीर काढलं तर ते धरत नाहीत. पण स्वारानं काढलं, की संपलं. त्यानंतर तो घोडा पुन्हा स्पर्धेत दिसला तर त्या घराला मार्शात तोंड दाखवायला जागा उरत नाही. याला सही लागत नाही न् शिक्का लागत नाही.

आणि इमकेला तर उन्हाळ्यात याच घोड्यावर देशाच्या संघातून उतरायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. वय एक्केचाळीस, घोडा पंधरा वर्षांचा. पुढच्या खेपेला दोघांपैकी कुणीच असणार नव्हतं.

"ओनो," गेझीना म्हणाली, "निवड समितीनं नाव घेतलंय तिचं."

"घोड्याचं घेतलंय," ओनो म्हणाला आणि बाहेर पडला.

*

फेब्रुवारीतला घोड्यांचा रविवार म्हणजे आमच्याकडं दुसरा ख्रिसमस. पागेचं अंगण सकाळपासून गाड्यांनी भरलेलं. पार हॉलंडपासून पैदासवाले आलेले. दुपारी मोठ्या हॉलमध्ये पागेचे सगळे घोडे फिरणार आणि शेवटी मार्शविंट. त्याच्याआधी घरच्यांचं जेवण, नेहमीसारखं. मोठ्या टेबलावर केलची पालेभाजी, पिंकेल सॉसेज, उकडलेले बटाटे, मोहरी.

इमके आली ती स्वारीच्या पांढऱ्या विजारीवर जुना स्वेटर चढवून. गाल वाऱ्यानं लाल झालेले. बांधावरून घोडा चालवून आली होती. बसता बसताच बोलायला लागली.

"काय सुंदर चाललाय आज! पप्पा, पियाफे करायला लावला तर थांबायलाच तयार नाही. जागच्या जागी नुसता नाचतोय. समुद्राकडून वारा आला ना, की त्याच्या अंगात येतं."

"बरं," ओनो म्हणाला.

"हारो, एक सांगायचंय. मार्चपासून त्याला पैदाशीच्या कामातून सुट्टी दे. आठवड्यातून तीनदा रेत घ्यायला त्या लाकडी घोडीवर चढवतोस आणि वर मी म्हणायचं, आता डोकं शांत ठेव. उन्हाळ्यापर्यंत फक्त माझा. त्यानंतर तुझा, वाटेल तितका."

हारोनं, तिच्या थोरल्या भावानं, मोहरीची बरणी स्वतःकडं ओढली. "बघू."

"बघू काय? हो म्हण ना!"

"बघू म्हणजे बघू. जेवू दे ना."

हारोची बायको झिल्के उठून बटाट्यांचं भांडं घेऊन आली. बटाटे टेबलावर आधीच होते. तिनं दुसरं भांडं पहिल्याशेजारी ठेवलं आणि बसली. "इमके, आज हॉलमध्ये गर्दी आहे हं," ती म्हणाली. "जरा सांभाळून."

"मला काय सांगतेस! त्याला सांग. गर्दी बघितली की छाती काढून चालतो. पप्पांवर गेलाय."

इमके एकटीच हसली. मग हसू आवरून तिनं सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. या टेबलाशी आपल्यापासून काही लपवलं जातंय, हे तिला चौदाव्या वर्षीही असंच कळायचं. आजही काहीतरी शिजत होतं.

"काय झालंय?" तिनं विचारलं.

"काही नाही," ओनो म्हणाला. "खा."

"नाही, काहीतरी आहे. गेल्या शरदात पागा हारोच्या नावावर झाली, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. आपल्याकडं शेत तुटत नाही, एकाकडंच जातं, मला मान्य आहे. पण मार्शविंट शेतात मोजायचा नाही, हे तेव्हाच ठरलं होतं ना?"

"कुणी ठरवलं?" हारो म्हणाला.

"कुणी म्हणजे? लेर्खं माझी होती! आत्याची आम्सेल, तिची मुलगी लेर्खं. माझ्या कन्फर्मेशनच्या दिवशी, चर्चमधून आल्यावर, याच टेबलावर केक कापला आणि आत्या म्हणाली, शिंगरू इमकेचं. पप्पा, तुम्ही तिथं बसला होतात. हारो, तू दोन तुकडे खाल्लेस केकचे."

"कागदावर लेर्खं पप्पांच्या नावावर आहे."

"मी चौदा वर्षांची होते म्हणून! आत्या, सांग ना याला. काय म्हणाली होतीस तू?"

सगळ्यांनी गेझीनाकडं पाहिलं.

आता गेझीनाची गोष्ट अशी. ती पागेच्या मागच्या छोट्या घरात राहते. लग्न होऊन गेली होती, नवरा वारला, परत आली. ते घर द्यायचं कबूल ओनोनं केलं होतं. पण पागा आता हारोची आणि घरही हारोचं. या घरात दिलेला शब्द मोडताना तिनं एकदा पाहिला होता. लग्नात तिला आम्सेल द्यायची ठरली होती. वडिलांनी ऐनवेळी म्हटलं, चांगली घोडी घरातून जात नसते, आणि आम्सेल घरीच राहिली. तेव्हा पस्तिशीतला ओनो वडिलांच्या मागं उभा राहून बुटाचा चिखल काढत होता. पुढं कितीतरी वर्षांनी, म्हातारी आम्सेल शेवटचं व्याली तेव्हा ओनोच म्हणाला, ते शिंगरू तुझं समज, कुणालाही दे. म्हणून तिनं ते इमकेला दिलं. दिलं म्हणजे दिलं, तोंडानं, केकसमोर.

"आत्या," हारो मधेच म्हणाला, अगदी सहज, "तुझ्या घराचं छप्पर या वसंतात करून घेऊ म्हणतोय. दोन वर्षं गळतंय."

गेझीनानं समोरच्या भांड्यातून एक बटाटा वाढून घेतला. तो तिला नको होता. काट्यानं फोडला, त्यावर लोणी ठेवलं, लोणी वितळेपर्यंत बघत राहिली.

"जुन्या गोष्टी," ती म्हणाली. "आता कुठं सगळं आठवतं."

इमके अर्धं ताट तसंच ठेवून उठली. "मी त्याला तयार करते," म्हणाली, आणि बाहेर गेली.

*

जिवंत घोड्यांपेक्षा लाकडी घोडीपाशी जास्त वेळ काढणारा माणूस, असं हारोला गावात म्हणतात. तोंडावर नाही. पण त्याला माहीत आहे.

लहानपणी तो एकदा पडला. सगळेच पडतात, पण तो पडल्यावर परत चढला नाही. ओनोनं कानाखाली वाजवली, तरी नाही. मग इमके चढली, त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, आणि उतरलीच नाही. तेव्हापासून बाजारात, चर्चमध्ये, बँकेत लोक त्याला विचारत आले, 'बहीण कशी आहे? घोडा कसा आहे?' कुणी विचारलं नाही की हारो, तू कसा आहेस. त्यानं पागा उभी केली, प्रयोगशाळा आणली. मार्शविंटची मुलं अर्ध्या युरोपात पोचवली. तरी भिंतीवर फोटो इमकेचे.

प्रयोगशाळेत तो हात धूत होता. झिल्के मागं येऊन उभी राहिली.

"ती उतरलीच नाही तर?"

"उतरेल."

"आणि नाही उतरली तर? तंग तिनंच सोडायला पाहिजे. माइकवर पप्पा म्हणतील उतर, आणि ती म्हणेल नाही. मग आपली काय अब्रू राहील?"

"नऊशे माणसं टोप्या काढून उभी राहिल्यावर कोण बसून राहील खोगिरात?" हारोनं हात पुसले. "ती पप्पांची मुलगी आहे. लोकांसमोर रडेल, पण नाही म्हणणार नाही."

"मला नाही आवडलं हे, हारो. आधी सांगायला हवं होतं."

"आता आठवलं तुला? मिस्ट्रालसाठी डेन्मार्कहून स्वार आणायचा, ही कल्पना कुणाची होती?"

झिल्केनं टपटपणारा नळ घट्ट केला. मिस्ट्राल म्हणजे मार्शविंटचा मुलगा, पाच वर्षांचा, पागेची पुढची आशा. डेन्मार्कच्या स्वाराशी बोलणं तिनंच केलं होतं. बोलली तेव्हा मुलाचा विचार होता, बापाचा नव्हता. एकदा एक पाऊल टाकलं की पुढचं आपोआप पडतं.

"ओडेन्सला काय झालं ते तूही बघितलंस," हारो म्हणाला, जरा खाली आवाजात. "शेजारून घोडी गेली आणि भर रिंगणात ओरडायला लागला. सगळा खेळ विस्कटला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी तिघांनी फोन करून विचारलं, याची पोरंही अशीच भडक डोक्याची निघणार का? एक वाईट दिवस, झिल्के, एकच, आणि सगळ्या रक्ताला नावं ठेवतात. संघातून उतरला आणि जगासमोर तसंच केलं तर? आज त्याचं नाव सगळ्यांत वर आहे. आजच थांबवायचं."

ते खोटं नव्हतं. हारोचं हेच वाईट, की त्याचं बोलणं नेहमी अर्धं खरं असतं.

"आणि इमके?" झिल्केनं विचारलं.

"इमकेचं काय? इमकेला दुसरा घोडा देऊ."

"कुठला?"

हारोनं टॉवेल खुंटीला टांगला आणि दिवा घालवला.

*

मार्शविंटची पाठ इमकेला तिच्या बिछान्यापेक्षा जास्त ओळखीची होती. तो जन्मला तेव्हा ओल्या चिकट अंगानं तिच्या मांडीवर पडला होता. अडीच वर्षांचा असताना फेख्टाला पैदाशीच्या परवानगीसाठी नेला. समितीतले लोक हनुवटी चोळत म्हणाले, बाप ठीक आहे, पण आईकडून रक्त जरा तिखट दिसतं. पहिल्या दिवशी त्याला मागच्या रांगेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मोकळा सोडला तेव्हा तो हॉलभर असा दुडकला की बोलणारे गप्प झाले. परवानगी मिळालेल्यांच्या यादीत शेवटी त्याचं नाव आलं. ओनोनं त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

चौथ्या वर्षी त्यानं तिला पाडलं, मनगट मोडलं. सातव्या वर्षी कळू लागलं की तो घाबरट नाही, त्याला कंटाळा येतो. मग ती त्याला समुद्राच्या बांधावर नेऊ लागली. वरून वारा, खाली मेंढ्या. तिथं जागच्या जागी पावलं उचलायला शिकला, कारण पुढं जावं तर वारा आणि मागं जावं तर ती. नवव्या वर्षी पहिली मोठी स्पर्धा. शिकवायला बाहेरचा गुरू कधी परवडला नाही. जे केलं ते दोघांनी केलं.

हॉलच्या दाराशी ती लगाम गोळा करून थांबली. आतून ओनोचा आवाज माइकवर घुमत होता. बापाचं नाव, आजाचं नाव, मुलांची नावं. आईचं नाव घेतलं नाही. नेहमीचंच. दार उघडलं आणि दोघं उजेडात गेली.

त्या दिवशी मार्शविंट कसा चालला, हे आमच्याकडं अजून सांगतात. जे हॉलमध्ये नव्हते तेही सांगतात. कोपऱ्यातून तो आडवा निघाला तेव्हा पाय पायावरून असे जायचे की बघणाऱ्याला श्वास घ्यायचं भान राहू नये. मधोमध येऊन पियाफे. मान वाकलेली, कान तिच्याकडं वळलेले, पुठ्ठे खाली गेलेले. जागच्या जागी तो पावलं टाकत राहिला, आणि हॉलमध्ये फक्त त्याच्या नाकातून येणारा फुरफुर आवाज. शेजारच्या दाराशी कुणाचीतरी घोडी खिंकाळली. हारोनं डोळे मिटून घेतले. मार्शविंटचा एक कान तिकडं वळला आणि परत आला. बस्स, तेवढंच.

इमकेला ते कळलं. ओडेन्सचं उत्तर तिला इथं मिळालं. ती मनातल्या मनात म्हणाली, बघितलंस हारो? आता म्हण नाही.

ती मधोमध थांबली, हात खाली सोडून नमस्कार केला. टाळ्या सुरू झाल्या. आणि त्या टाळ्यांमधून ओनो माइक हातात घेऊन चालत आला. मागं हारो. हारोच्या काखेत काहीतरी हिरवं.

तिला एका क्षणात समजलं. हिरवी झूल घेऊन रिंगणात माणूस कशासाठी येतो, ते मार्शातल्या पोरीला वेगळं सांगावं लागत नाही.

"माझ्या मुलीनं," ओनो माइकवर म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर कापला, "माझ्या मुलीनं आज ठरवलंय, की मार्शविंटला त्याच्या सर्वांत सुंदर दिवशी निरोप द्यायचा."

हॉल उठला. बाकांचा एकदम आवाज झाला. टोप्या उतरल्या.

इमके खोगिरातच बसून राहिली. "मी नाही ठरवलं," ती हळू म्हणाली.

ओनोनं माइक खाली केला. "उतर पोरी."

"पप्पा, मी नाही ठरवलं. तुम्ही असं कसं म्हणालात?"

"लोक उभे आहेत."

"राहू देत उभे! उन्हाळा फक्त. एक उन्हाळा द्या मला. मग मीच सोडेन तंग, तुम्ही म्हणाल तिथं."

"इमके," ओनो म्हणाला. त्यानं घोड्याच्या मानेवर हात ठेवला होता, आणि लांबून ते फार प्रेमाचं दिसत होतं. "तू आत्ता इथून निघून गेलीस तर लोक म्हणतील ल्युबसेन घरात फूट पडली. उद्या एक माणूस या पागेकडं वळणार नाही. तुला पाहिजे ते? माझ्या हयातीत?"

हारो पलीकडच्या बाजूला उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो वाळूकडं बघत होता. तंगाच्या बकलाकडं त्याचा हातही गेला नाही. ते तिलाच करायचं होतं.

ती निघून जाऊ शकत होती. टाच लावली असती तर मार्शविंट दारातून नव्हे, भिंतीतून गेला असता. पण नऊशे माणसं उभी होती, आणि पुढच्याच रांगेत म्हातारा शेजारी, ज्यानं तिला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं, टोपी छातीशी धरून रडत होता. त्याला वाटत होतं काहीतरी मोठं, चांगलं घडतंय. सगळ्यांना तसंच वाटत होतं. आणि अशा वेळी घरची अब्रू राखायचं, हे शिक्षण तिला घोड्यावर बसायच्याही आधी मिळालं होतं.

रिकिबीतून पाय काढला. खाली उतरली. खोगिराचा फ्लॅप उचलला, बकल काढलं, दुसरं काढलं. तंग सुटून पलीकडं गेला. मार्शविंटनं मान वळवून तिच्या बाहीला नाक लावलं. त्याला वाटलं, काम झालं, आता साखर. तिनं खोगीर दोन्ही हातांनी उचललं, आणि तेव्हा ती रडली, मोठ्यानं. लोकांनी ते ऐकलं आणि आणखी टाळ्या वाजवल्या.

हारोनं झूल टाकली. सोनेरी गोट दिव्यात चमकला. इमकेचे डोळे 'मार्शविंट'च्या म वर गेले, आणि तिथंच राहिले. म ची शेपटी खाली उतरून परत डावीकडं वळलेली. असा म मार्शात एकच बाई काढते. कन्फर्मेशनच्या दिवशी केक ज्या टेबलक्लॉथवर ठेवला होता, त्याच्या कोपऱ्यातल्या 'इमके'मध्येही असाच म होता.

हारो घोड्याला घेऊन गेला. ती खोगीर घेऊन दुसऱ्या दारानं बाहेर पडली.

*

गेझीना मुद्दाम मागून आली. वाटेत कितीतरी जणींनी तिचे हात धरले. "काय सुंदर निरोप! इमकेनं किती मोठं मन केलं हो!" ती 'हो हो' म्हणत पुढं सरकली.

खोगिरांच्या खोलीत इमके उभी होती. खोगीर अजून हातांवरच. खाली ठेवायचं विसरल्यासारखी.

"बस जरा," गेझीना म्हणाली. "पाणी आणू?"

"कधी सांगितलं त्यांनी तुला?"

गेझीनानं दार ओढून घेतलं. "ख्रिसमसनंतर."

"म्हणजे आठवडेच्या आठवडे माहीत होतं. रोज सकाळी माझ्याबरोबर चहा प्यायचीस. खडीसाखर टाकायचीस माझ्या कपात. आणि घरी जाऊन टाके घालायचीस."

"इमके, मी काय करणार होते? माझं कोण ऐकतं? ओनोनं माझं कधी ऐकलंय?"

"ऐकायचा प्रश्नच नव्हता. सांगायचा होता. मला सांगायचं होतंस. मी घोडा ट्रकमध्ये घातला असता आणि गेले असते, उन्हाळा होईपर्यंत कुठंही राहिले असते. शनिवारी जरी सांगितलं असतंस."

"आणि मग माझं काय?" गेझीना एकदम म्हणाली. तोंडातून निघून गेलं. मग ते मागं घेता येईना. तिनं घाईनं दुसरं काहीतरी पुढं केलं, जे तिनं या क्षणासाठीच राखून ठेवलं होतं. "ऐक. त्या झुलीवर तुझं पण नाव आहे."

इमकेनं मान वर केली. "कुठं? मी बघितली ना झूल. कुठंय माझं नाव?"

"आतून. अस्तराला, खांद्यापाशी. आणि लेर्खंचं आहे, आम्सेलचं, द्रोसेलचं. सगळ्यांचं. मी एकेक घातलंय, रात्र रात्र बसून. ओनोला कळलं असतं तर त्यानं—"

"आतून," इमके म्हणाली.

"हो. त्याच्या अंगाला लागेल असं. तुझं सर्वांत वर."

"आत्या, दुपारी जेवताना मी तुला एक गोष्ट विचारली. सगळ्यांसमोर विचारली. मोठ्यानं. तू बटाटा वाढून घेतलास."

 गेझीना पुढं होऊन इमकेच्या दंडाला हात लावायला गेली. इमके मागं सरकली नाही. तिनं फक्त हातांवरचं खोगीर पुढं केलं आणि गेझीनाच्या हातांवर ठेवलं, नीट, पडणार नाही असं बघून.

"हे तुझ्याकडं राहू दे," ती म्हणाली. "मागच्या घरात जागा होईल. नवीन छप्पर येतंय ना."

ती गेली. अंगणात तिची गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

खोगीर जड होतं आणि खालून घोड्याच्या घामानं ओलं, अजून गरम. गेझीना ते घेऊन भिंतीकडं वळली. मार्शविंटच्या नावाच्या खुंटीवर ठेवायला गेली, पण हॉलमधल्या टाळ्या संपायच्या आत कुणीतरी तिथं मिस्ट्रालचं खोगीर टांगून ठेवलं होतं.